आकाशाला बांधलेला दोर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की पृथ्वी फिरते की आकाश फिरते यावर तेव्हा अजून भांडणे चालू होती, आणि भांडणारे दोन्ही पक्ष संध्याकाळी एकाच पारावर येऊन बसत होते.

त्या काळी एक राज्य होते. त्या राज्याच्या बरोबर डोक्यावर, आकाशात फार उंच, एक काळा दगड होता. सूर्य उगवे, मावळे. चंद्र येई, जाई. दगड मात्र जागचा हलत नसे. मुलांना वाटे, प्रत्येक राज्याच्या डोक्यावर असा एक दगड असतोच. मोठ्यांना काही वाटत नसे, कारण त्यांना त्याची सवय झाली होती.

दर हिवाळ्यात उत्तरेकडून हंसांचे थवे येत. एका वर्षी त्यांचा म्हातारा म्होरक्या राजाच्या गच्चीवर उतरला. बोलता बोलता म्हणाला, "आम्ही त्या दगडावर दोन दिवस टेकतो. तिथून सगळं दिसतं. पाऊस समुद्रावर कुठवर आलाय, गारांचे ढग कुणाच्या शेताकडे निघालेत, सगळं."

राजा चपापला. गेल्याच वर्षी तीन गावांची हातातोंडाशी आलेली ज्वारी गारांनी झोडपली होती. कुणाला आधी कळले असते, तर निदान निम्मी कापून घेता आली असती.

"तिथे आमचा एक माणूस बसला तर?" राजाने विचारले.

"बसेल की. पण तुमच्या माणसाला पंख कुठे आहेत?"

"दोर बांधू," राजा म्हणाला. "दगडापासून थेट इथवर. माणूस दोरावरून चढेल. वर ढग दिसले की दोर हलवेल, खाली आम्हाला कळेल."

हंसाने मान तिरकी करून राजाकडे पाहिले. "दोर वर न्यायचं काम आम्ही करू. आम्ही हजारोंनी आहोत. पण तो टिकेल का, ते आम्हाला विचारू नका."

ते विचारायला राजाकडे एक माणूस होता. तो दरबारातला वृद्ध गणिती. त्याला सगळे शास्त्रीबुवा म्हणत. त्याने इतके ग्रंथ वाचले होते, की कुठल्याही प्रश्नाची दोन उत्तरे त्याला लगेच आठवत, आणि तिसरे घरी जाताना रस्त्यात सुचे. त्यामुळे कुणी "जेवलात का?" असे विचारले, तरी तो क्षणभर थांबत असे.

"शास्त्रीबुवा, असा दोर टिकेल का?" राजाने विचारले.

"विचार करून सांगतो, महाराज," शास्त्रीबुवा म्हणाले. आणि घरी जाऊन त्यांनी ग्रंथ उघडले.

दोराबद्दल ग्रंथांत काही सापडेना. तेव्हा ते दोर वळणाऱ्या बाईकडे गेले. तिच्याइतका चांगला दोर त्या राज्यात कुणी वळत नसे. ती अंबाडीचे तीन पेड हातात धरून, पीळ देत देत, उलटी चालत होती. शास्त्रीबुवा तिच्या बाजूने सुलटे चालू लागले.

"बाई, सगळ्यात लांब दोर तू कुठला वळलास?"

"गडावरच्या विहिरीचा. दोनशे हात."

"त्याहून लांब वळता येईल?"

"वळायला काय, गावाबाहेरपर्यंत वळीन. पण लोंबवता येणार नाही."

"का? घागर जड होते?"

"घागर राहू द्या बाजूला, बुवा. नुसता दोरच तुटेल." ती थांबली. "लोकांना वाटतं, दोर ओझ्यानं तुटतो. फार लांब दोर आधी स्वतःच्याच वजनानं तुटतो. वरच्या टोकाला खालचा सगळा दोर लोंबत असतो ना. त्या टोकाची दमछाक कुणाला दिसत नाही."

"मग वरचं टोक जाड करायचं."

"करा की. खाली मनगटाएवढा, वर कमरेएवढा. पण मग एवढा दोर धरून ठेवायला वर कोण बसलंय?"

शास्त्रीबुवा घरी निघाले तेव्हा आले होते त्याहून जास्त गोंधळलेले होते. दोर बारीक केला तर दोर तुटणार. जाड केला तर दगड खाली ओढला जाणार. मग दगड आत्ता तरी का पडत नाही? या विचारात ते वाट चुकले आणि एका ज्वारीच्या शेतात शिरले.

शेतात माळ्यावर एक म्हातारी उभी होती. पाखरे उडवायला ती गोफण फिरवत होती. गोफणीची दोरी ताठ होती, जणू टोकाचा दगड तिला बाहेर ओढत होता.

शास्त्रीबुवा खालून म्हणाले, "आजी, एक विचारू? दोरी दगडाला धरून आहे, की दगड दोरीला?"

म्हातारीने गोफण न थांबवता उत्तर दिले. "ते मला काय ठाऊक, बाबा. माझा हात थांबला की दोघंही खाली. आणि तू तिथनं बाजूला हो, नाहीतर तिसरा तू."

शास्त्रीबुवा बाजूला झाले आणि बांधावर मटकन बसले. पृथ्वी फिरत असेल, तर पृथ्वी हाच तो हात. मग वरचा दगड नुसता टांगलेला नाही, तो पळू पाहतो आहे. त्याच्या पलीकडच्या बाजूलाही दोर सोडून टोकाला धोंडे बांधले, तर ते बाहेर ओढतील, इकडचा दोर आत ओढेल, आणि मधे दगड तोलून राहील. सगळे जमत होते. फक्त पृथ्वी फिरत असली पाहिजे, आणि तेच तर अजून ठरलेले नव्हते.

त्यांनी दरबारात सगळे सांगितले. दोर दगडापाशी सर्वांत जाड हवा आणि जमिनीकडे येताना बारीक होत गेला पाहिजे, हे सांगितले. पलीकडच्या दोराबद्दलही सांगितले.

"तो पलीकडचा दोर कुठे लोंबेल?" प्रधानाने विचारले.

"वर."

"वर लोंबेल?"

"हो. म्हणजे, तिथे वर म्हणजेच खाली. एका अर्थी."

दरबार हसू लागला. कुणीतरी म्हणाले, "मग शास्त्रीबुवांचं धोतर पण जरा जपा." राजाने हात वर केला. "हसू नका. हंस करतील तर करू दे." हंसांनी त्याच हिवाळ्यात पलीकडे एक आखूड दोर सोडला, लहानसा धोंडा बांधून पाहिला, आणि परत येऊन सांगितले की दोर खरोखर वर लोंबतो आहे. दरबारातले हसू थांबले. पण शास्त्रीबुवांच्या कानातून ते हसू गेले नाही. आपण बरोबर ठरलो, हा त्यांना योगायोग वाटला.

मग सात गावांनी दोर वळायला घेतला. प्रत्येक गावाने एक तुकडा वळायचा होता. दोर वळणारी बाई गावोगाव हिंडून पीळ तपासत होती. सर्वांत जुन्या गावाच्या पाटलाने कामाचा अंदाज घेऊन सर्वांत बारीक तुकडा मागून घेतला. सर्वांत नवे गाव म्हणजे कालपरवा वसलेली वस्ती होती. तिला नाही म्हणता येईना, म्हणून तिच्या वाट्याला कमरेएवढा जाड तुकडा आला. असे बारा वर्षे चालले.

त्या राज्यात दोर वळणाऱ्यांची एक रीत होती. विहिरीवर नवा दोर बांधला, की ज्याने तो वळला त्यानेच पहिल्यांदा त्याला धरून आत उतरायचे. तो सुखरूप वर आला, की मगच घागर बांधायची. या दोराची मुख्य कारागीर ती बाई होती. म्हणजे आकाशात पहिल्यांदा तीच चढणार होती. त्याबद्दल कुणी चर्चाही केली नाही. तिनेही केली नाही. माडावर चढणारे पायात फास अडकवतात, तसा एक फास तिने स्वतःसाठी वळून ठेवला.

सातही तुकडे तयार झाले आणि ते जोडायचा दिवस आला. तेव्हा सर्वांत जुन्या गावाचा पाटील उभा राहिला.

"आमचं गाव राजधानीच्याही आधीचं," तो म्हणाला. "होळी पहिली आमची पेटते, पेरणी पहिली आमची होते. देवाच्या सगळ्यात जवळ आमचाच तुकडा राहील. कालच्या वस्तीचा तिथं काय म्हणून?"

वस्तीतला एक जण म्हणाला, "पाटील, तुमचा तुकडा मनगटाएवढा आहे. तुम्हीच मागून घेतलात."

"जाडीवर मान ठरत नाही. तसं असतं तर लग्नाचं पहिलं आमंत्रण म्हशीला गेलं असतं."

लोक हसले, आणि हसल्यामुळे पाटलाची बाजू बळकट झाली. तेवढ्यात राज्याचा थोरला गवंडी पुढे आला. तो भला माणूस होता. त्याला कुणाच्या मानापानाशी देणेघेणे नव्हते.

"मी चाळीस देवळं बांधली," तो म्हणाला. "पाया रुंद, कळस निमुळता. झाडाचाही बुंधा जाड असतो, शेंडा बारीक असतो. वर जाड आणि खाली बारीक, असं काही उभं राहिलेलं मी आजवर पाहिलं नाही. पाटील म्हणतात तसंच बरोबर दिसतंय."

सगळ्यांनी शास्त्रीबुवांकडे पाहिले.

हा दोर उभा राहणार नाही, हा लोंबणार आहे. एवढेच सांगायचे होते. शास्त्रीबुवांच्या ओठांवर ते आलेही. पण त्याच वेळी त्यांना वाटले, गवंड्याने चाळीस देवळे बांधली, आपण काय बांधले? पलीकडचा दोर जर वर लोंबतो, तर इकडचा दोर खालून उभा राहत नसेल कशावरून? आपण बारा वर्षांपूर्वी मांडलेल्या गणितात एक चिन्ह उलटे पडले असेल तर? त्या दिवशी आपण वाट चुकलो होतो. शेतात शिरलो होतो. कदाचित गणितातही तसेच झाले असेल.

"शास्त्रीबुवा," प्रधान म्हणाला, "क्रम उलटा केला तर चालेल का? हो किंवा नाही म्हणा."

शास्त्रीबुवांनी घसा साफ केला. "पृथ्वी फिरते असं धरलं, आणि ती एकसारख्या वेगानं फिरते असंही धरलं, आणि पीळ सगळीकडे सारखा पडला असेल, आणि वाऱ्याचा विचार तूर्त बाजूला ठेवला, तर क्रम उलटा केल्यावर दोर टिकणारच नाही असं अगदी ठामपणे म्हणता येईल, असं मला म्हणता येणार नाही."

प्रधानाने ते मनातल्या मनात दोनदा फिरवून पाहिले. मग तो राजाकडे वळला. "महाराज, शास्त्रीबुवांची हरकत नाही."

जुन्या गावाचा बारीक तुकडा वर गेला आणि वस्तीचा जाड तुकडा खाली आला. हजारो हंसांनी चोचींत दोर धरला आणि त्या हिवाळ्यात तो हातभर हातभर वर नेला, आणि त्याच्या तोलासाठी पलीकडे मोठे धोंडे बांधले.

चढण्याच्या दिवशी सकाळी बाई शास्त्रीबुवांकडे आली. तिच्या खांद्यावर पायात अडकवायचा फास होता.

"बुवा, तुम्ही दरबारात काय सांगितलंत?"

"सगळं सांगितलं मी. सगळ्या बाजू मांडल्या."

"ते कळलं. पण सांगितलंत काय?"

शास्त्रीबुवा पंच्याच्या टोकाला पीळ देत बसले.

बाई समोर बसली. "हे बघा. विहिरीत वरचं टोक जाड लागतं, हे मला ठाऊक आहे. माझ्या बापालाही ठाऊक होतं. पण आकाशात वर कुठं आणि खाली कुठं, ते मला कळत नाही. तुम्हीच सांगितलंत की तिथं दोर वर लोंबतो, आणि तो लोंबला. तेव्हापासून माझाच माझ्या शहाणपणावर भरवसा राहिला नाही. विहिरीतलं शहाणपण तिथं चालतं का, एवढं सांगा."

"मी चुकत असेन, बाई."

"चुका की. मी तुम्हाला काय वाटतं ते विचारलं."

शास्त्रीबुवांना खूप काही वाटत होते. पण आपल्या नुसत्या वाटण्यावरून सात गावांचे बारा वर्षांचे काम कसे थांबवायचे? आणि थांबवले, आणि दोर चांगला निघाला, तर? त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांनाही सांगता आले नसते.

बाई थोडा वेळ वाट पाहून उठली. "चला. लोक थांबलेत."

मैदानात सारे राज्य जमले होते. दोराचे खालचे टोक खडकाला आवळून बांधले होते आणि शेजारी उरलेल्या अंबाडीचा ढीग पडला होता. बाईने पायात फास अडकवला आणि ती चढू लागली. पुरुषभर उंच गेली. घराएवढी उंच गेली. देवळाच्या कळसाएवढी उंच गेली. खाली लोक पैजा लावत होते की ती पहिली विश्रांती कुठे घेईल.

तेवढ्यात हंसांचा म्हातारा म्होरक्या शास्त्रीबुवांच्या शेजारी उतरला. त्याला धाप लागली होती.

"वरचं टोक बांधून झालं," तो म्हणाला. "आजवर सगळं वजन आमच्या चोचींत होतं. आता आम्ही एकेक करून सोडतोय. पण ते टोक फार ताठ झालंय, बुवा. चोच लावली की गुणगुणतं. हे असंच असतं का?"

"मी कसं सांगणार?"

"मग कोण सांगणार?" हंसाने विचारले. तो टोमणा नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

शास्त्रीबुवांनी आजूबाजूला पाहिले. राजा होता, प्रधान होता, गवंडी होता, सात गावे होती. त्यांतल्या प्रत्येकाला वाटत होते की हे दुसऱ्या कुणालातरी ठाऊक आहे. आणि तो दुसरा कुणीतरी म्हणजे आपणच, हे शास्त्रीबुवांना तेव्हा कळले.

ते धडपडत दोराच्या बुंध्याशी गेले आणि त्यांनी वर तोंड केले. "बाई, उतर. मला वाटतं, हा तुटेल."

प्रधान धावत आला. "तुम्हाला खात्री आहे?"

"नाही."

"मग?"

"खात्री नाही. पण मला वाटतं, तुटेल. वर जाड हवा होता." आणि ते पुन्हा ओरडले, "उतर."

बाईने वरून काही विचारले नाही. ती उतरू लागली. वर हंस दोर सोडतच होते. त्यांना थांबवायला म्होरक्या उडाला, पण तेवढा वेळ उरला नव्हता. जमीन माडभर खाली राहिली असताना तिच्या हातातला दोर एकदम सैल पडला.

ती अंबाडीच्या त्या ढिगावर पडली, म्हणून जगली. उजव्या हाताचे मनगट मात्र अंगाखाली सापडले. दोर तीन दिवस पडत होता. वेटोळ्यांवर वेटोळी शेतांवर, गोठ्यांवर, तळ्यांत कोसळत राहिली आणि लोक गुरे घेऊन डोंगरांच्या कपारींत बसून राहिले. वरचा दगडही सुटला. पलीकडच्या धोंड्यांनी त्याला बाहेर ओढून नेले. पहिल्या संध्याकाळी तो मोहरीएवढा दिसला. दुसऱ्या दिवशी दिसलाच नाही. पुढच्या हिवाळ्यात हंसांना टेकायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी वाट बदलली. ढगांची बातमी सांगायला त्या राज्यात परत कुणी आले नाही.

राजाने शास्त्रीबुवांना बोलावले. "तुम्हाला हे कधीपासून ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं, महाराज. शंका होती."

"कधीपासून?"

"क्रम बदलला त्या दिवसापासून."

राजाला निवाडा सुचेना. शिक्षा द्यावी, तर शास्त्रीबुवांनी दरबारात खोटे असे एक अक्षरही उच्चारले नव्हते. सोडून द्यावे, तर मैदानाकडे बघवत नव्हते. शेवटी तो म्हणाला, "मला काय करावं ते कळत नाही. तुम्ही आधी तिच्याकडे जा."

शास्त्रीबुवा गेले. बाई ओसरीवर बसली होती. मनगट बांधलेले होते. ते जुळणार होते, पण वाकडे. आणि वाकड्या मनगटाने पीळ देता येत नाही, हे दोघांनाही माहीत होते. अंगणात तिचे तीन पेड खुंटीला तसेच लटकत होते.

"बाई," शास्त्रीबुवा म्हणाले, "माझी खात्री नव्हती. म्हणून बोललो नाही."

"मी तुमच्याकडे खात्री मागितलीच नव्हती, बुवा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच शास्त्रीबुवांना सोसवेना. "मला तुमची शंका हवी होती. माझ्याजवळ माझी एक होतीच. दोन शंका एके ठिकाणी आल्या असत्या, तर मी फास खांद्यावरून खाली ठेवला असता."

तात्पर्य: शंकेची खात्री होईपर्यंत वाट पाहू नये; जो दोरावर चढणार आहे, त्याला ती तो चढण्यापूर्वी, एका सरळ वाक्यात सांगावी.